पिवळा धागा, दर शनिवारी जिंतूर

११ नोव्हेंबर, मंगळवार

नाही, तू थांब आधी. दर वेळी तूच बोलणार आणि मी ऐकून घेणार, हे आता बंद. खेड्यातल्या पोरांना युरोपचं काय करायचंय, हेच ना तुझं? मलाही पंधरा दिवसांपूर्वी तेच वाटत होतं. आता वाटत नाही. का, ते विचारू नको. लिहायलेय तेवढं वाच.

(ही वही कुणी वाचणार नाही, तरी मी वाचणाऱ्याशी भांडते. आई म्हणते, एम.ए. करून पोरगी भिंतीशी बोलायला लागली.)

तर. गावात खोली मिळाली, शाळेच्या मागं. खिडकीतून कापसाची रानं आणि फाट्याकडं जाणारा रस्ता. परभणीहून जिंतूरकडं जाणारी एस.टी. फाट्यावर सोडते. तिथून गाव दोन किलोमीटर आत, पायी नाहीतर कुणाच्या गाडीवर. शाळेत सहा महिन्यांचं काम, एका युरोपीय प्रकल्पाचं. अकरावीची चौदा पोरं इकडं, चौदा तिकडं, स्लोव्हेनियातल्या एका लहान गावात. दोघांनी मिळून एकच कलाकृती करायची. विषय छापून आलाय: युरोपीय मूल्यं आणि आपलेपणा. सन्मान, स्वातंत्र्य, समता, आणखी तीन. मुख्याध्यापकांनी (इथून पुढं मु.अ.) तो कागद लॅमिनेट करून ऑफिसात लावला, सुविचाराच्या शेजारी.

माझी गोष्ट परत आली आज. संपादक म्हणतात क्रियापदं नाहीत. मुद्दामच नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला व्हिडिओ कॉल. लाइट गेली, आली, परत गेली. तिकडची बाई मार्ता, कलाशिक्षिका, पन्नाशीची, हसरी. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, जोड देऊन देऊन पुढं जाणारं. इकडचं मी सांगायचं, तिकडचं तिनं.

प्रश्न होता, तुमचं आपलं म्हणजे काय? त्यांचा लुका म्हणाला, नदी. आमचा विरेश म्हणाला, माझी मोटारसायकल, पण ती मामाची हाय. आमचे हसले. तिकडचे दोन सेकंदांनी हसले, आवाज पोचल्यावर.

मग अश्विनी. मागच्या बाकावरची. आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं. उभी राहिली आणि मला म्हणाली, "त्यांना विचारा, तुमच्याकडं एखादं माणूस घर सोडून गेलं तर त्याला परत यायला कुणाला विचारावं लागतंय?"

विचारलं. एक पोरगी म्हणाली, कुणालाच नाही, किल्ली असते की. मग तीच म्हणाली, पण माझे आजोबा सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलले नाहीत, तो शेजारच्या देशात जाऊन राहिला म्हणून. किल्ली होती त्याच्याकडं.

अश्विनीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी डोकावले, तिनं हात ठेवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुचलं. आणि कुठं सुचलं तर अंगणात, तोंड धुताना.

घरमालकीण वाकळ शिवत बसली होती. जुन्या कपड्यांचे थर, वरून टाके. मला एकेक तुकडा दाखवायली. हे सासूचं लुगडं, हा थोरल्याचा शाळेचा शर्ट, हे माझ्या माहेरचं. म्हणाली, वाकळ म्हंजे घरातली माणसं एकाखाली एक झोपलेली. कुणाचं कापड कुठलं, आंधळ्या बाईलाबी हातानं कळतंय.

मग पोरांना सांगितलं. बारा हात मांजरपाट. मधोमध गाव. प्रत्येकानं आपला चालायचा रस्ता काढायचा, पेन्सिलनं नाही, सुईनं. धागा विकतचा नाही. घरातल्या जुन्या कपड्यातून ओढायचा, दोन-तीन पदर पिळून. रोजचा रस्ता साखळी टाक्यानं, कधीमधीचा धावदोऱ्यानं. ज्याचा रस्ता कापडाच्या काठापर्यंत जाईल त्याचा धागा तिकडची पोरं त्यांच्या कापडावर पुढं नेतील. नंतर दोन्ही कापडं जोडायची.

नियम एकच, मीच फळ्यावर लिहिला: खरं काढायचं. जाता तिथंच. घरच्यांना वाटतं तिथं नाही.

माझंच वाक्य मला किती आवडलं ते सांगत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पोरं शिवायला तयार नव्हती. पोरींचं काम म्हणे. विरेशच म्हणाला, "गावातला टेलर काय बाई हाय का?" मग बसले सगळे. विरेशच्या घरी गळ्यात इष्टलिंग घालतात. त्यानं आजोबांचं लिंग ज्यात गुंडाळायचे त्या जुन्या पांढऱ्या वस्त्राचा धागा आणलाय. आजोबांनी अट घातली, रस्ता काढ, पण कापड कुणाच्या पायाखाली येऊ देऊ नको. तेव्हापासून आम्ही चपला बाहेर काढतो. कुणी सांगितलं नाही, आपोआप.

अश्विनीचा धागा पिवळा. हळदीचा पिवळा नाही, करडईच्या फुलाचा. कुठल्या कपड्याचा विचारलं तर म्हणाली, जुनी ओढणी होती एक. टाके असे बारीक की मशीनचे वाटावेत. घर ते शाळा साखळी. शाळेपासून फाटा, आणि फाट्यापासून धावदोरा थेट काठापर्यंत. कापडावरचा सगळ्यात लांब धागा तिचाच.

हे काय गं?

"शनिवारचं हाय. जिंतूरला कॉम्प्युटरचा क्लास."

मी म्हणलं, क्लासला जायचा रस्ता कुणी इतका जीव लावून काढत नाही. ती खाली बघत दात लावून धागा तोडायली. मग म्हणाली, "शेवटी तिथं माझं आपलं माणूस हाय, म्याडम."

बस्स. याच वाक्यासाठी तर सगळा खटाटोप. मी लगेच लिहून घेतलं.

३ डिसेंबर, बुधवार

इकडचं कापड पूर्ण. उन्हात भिंतीवर टांगून फोटो काढले. चौदा धाग्यांना चौदा ओळी लिहिल्या मी, मराठीत आणि इंग्रजीत. रात्रंदिवस तेच चाललं होतं डोक्यात. एकेका ओळीत एकेक माणूस बसवायचं. मार्तानं प्रकल्पाच्या पानावर टाकलंसुद्धा.

पिवळा: दर शनिवारी, जिंतूर. शेवटी एक आपलं माणूस.

मार्ताचा मेसेज, की तिच्या आख्ख्या वर्गानं पिवळा निवडलाय. सगळ्यांना तोच पुढं न्यायचाय.

खरं सांगू? माझं नाव खाली असलेलं, लोकांनी वाचलेलं, हे पहिलंच. पाच वेळा उघडून बघितलं.

९ डिसेंबर, मंगळवार

क्रमानं लिहिते.

मधल्या सुट्टीत क्लार्कभाऊ चहा देताना म्हणाले, अश्विनी गुणाची पोरगी, बहिणीच्या वळणावर जाऊ नये म्हंजे झालं. मला बहीण आहे हेच माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, बशीत चहा ओतत, फुंकर मारत. थोरली रेणुका. दोन वर्षं झाली. दुसऱ्या समाजाच्या पोराबरोबर निघून गेली, कोर्टात लग्न. चुलत्यानं, बापूराव काकांनी, घरात सांगितलं, मेली. नुसतं सांगितलं नाही. तेरावं घातलं. गाव जेवलं. तिचे कपडे नदीला सोडले.

"बुंदी होती. मी बी गेलतो," क्लार्कभाऊ म्हणाले. "चांगली होती बुंदी."

पोरगी पुण्यात हाय म्हणतात. काका दोनदा पुण्याला जाऊन आले, चौघंजण, जीप करून.

मी विचारलं, भेटायला?

क्लार्कभाऊंनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. कप उचलून गेले. जाताना म्हणाले, बापूराव शाळा समितीवर हायत, तुमच्या कार्यक्रमाला तेच पाहुणे.

सगळे कपडे नदीला सोडले. एक ओढणी सोडून.

१० डिसेंबर, बुधवार

पाण्याच्या टाकीजवळ गाठलं अश्विनीला. मी काही विचारायच्या आधी तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, कुणी सांगितलं?

रेणुका पुण्यात नाही. जिंतूरजवळच आहे, नवरा गॅरेजात. एक बाळ, सात महिन्यांचं. दर शनिवारी अकरा वाजता, क्लास सुटल्यावर, जिंतूरच्या स्टँडवर, रसवंतीच्या मागच्या बाकावर. एक तास. घरात कुणाला माहीत नाही. आईलासुद्धा नाही.

मग कापडावर कशाला काढलंस गं बाई?

"तुमीच म्हणलात की, खरं काढा."



ती नळाखाली बाटली धरून उभी. पाणी भरून वाहायलं तरी धरूनच. म्हणाली, "घरात तिचं नाव घ्यायचं न्हाई. फोटो फाडले. रेशन कार्डावरून बी काढलं. म्हणलं, कुठंतरी असावं. लांब जाणार हाय ना हे कापड. तिथं कोण ओळखतंय."

लांबच जाणार होतं. ती ओळ मी लिहिली. पण फोनमधून ती परतही येऊ शकते, नको त्याच्याच हातात. हे तिला सांगितलं नाही. उद्या पान काढून टाकते, मग सांगेन.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मार्ताला कालच लिहिलं, पिवळ्याची ओळ आणि फोटो काढून टाक. कारण लिहिता येईना. इंग्रजीत 'जिवंत माणसाचं तेरावं' कसं लिहायचं? लिहिलं, घरची अडचण आहे.

आज उत्तर. प्रेमानं लिहिलंय. मुलीनं जे काढलं तो तिचा आवाज आहे, मोठ्यांच्या सोयीसाठी आपण तो पुसायचा का, स्वातंत्र्य हे मूल्य आपण त्यांना असंच शिकवणार का? सोबत त्यांच्या कापडाचा फोटो. पिवळा धागा काठावरून पुढं गेलाय. नदीच्या पुलावरून, चर्चच्या मागून, एका घरापर्यंत. घराला खिडकी, खिडकीत दिवा. दारात कुणी नाही. खाली मराठीत, वेड्यावाकड्या अक्षरात, कुठून तरी बघून काढलेलं: जिंतूर.

फार सुंदर आहे. फोन पालथा ठेवला.

सगळं लिहून पाठवलं मग. तेरावं, जीप, चौघं. जसं येईल तसं. क्रियापदांसकट.

१५ डिसेंबर, सोमवार

मार्तानं पान काढून टाकलं. सकाळी सात वाजता मेसेज, माफी मागितलीय, रडलीय बहुतेक. इतकं होईल असं वाटलं नव्हतं म्हणे.

उशीर झाला होता. काल रविवारी मु.अ. सरांनी पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकली होती. 'आपल्या शाळेची सातासमुद्रापार भरारी.' खाली अंगठे. बेचाळीस जणांनी बघितलेलं. बापूराव काकांचा अंगठा नाही. त्यांचा एक मेसेज आहे, एकच शब्द.

'छान.'

१७ डिसेंबर, बुधवार

अश्विनी सोमवारपासून शाळेत नाही.

आज दुपारी तिची आई आली. वेचणीवरून आलेली, पदराला कापसाची बोंडं चिकटलेली. कापड बघायचंय म्हणाली. मी वर्गात टेबलावर पसरलं. तिनं चपला दाराबाहेरच काढल्या होत्या.

लिहिता-वाचता येत नाही तिला. कापडावरून तळहात फिरवत गेली, काठाकडून आत. पिवळ्यावर आला आणि थांबला. बराच वेळ तसाच ठेवला. मला घरमालकीण आठवली. आंधळ्या बाईलाबी.

"ही ओढणी मीच घेतली होती," म्हणाली. "बोरीच्या बाजारातून. दहावी पास झाली तवा." कोण, ते म्हणाली नाही. मग, "हे उसवता येतंय का, ताई?"

मी म्हणलं, येतं, पण सुईची भोकं राहतात.

"ऱ्हात न्हाईत. तुमाला म्हाईत न्हाई."

सुईच्या टोकानं एकेक टाका उचलला तिनं. घाई नाही. सगळा धागा निघाल्यावर बोट थुंकीनं ओलं करून भोकांवर घासलं, नखानं कापडाचे धागे सरकवले, एक भोक, मग दुसरं. मिटली. खरंच मिटली. मग स्वतःच्या पदराच्या काठातून हिरवा धागा ओढला आणि घरापासून नवा रस्ता शिवला. घर, शाळा, मारुतीचं देऊळ, घर. साखळी टाका. पोरीपेक्षा बारीक.

पिवळा धागा तिनं काडेपेटीतल्या एका काडीवर गुंडाळून कमरेला खोचला. जाताना दारात थांबून विचारलं, बरी हाय का ती?

मी म्हणलं, बाळ झालंय, सात महिन्यांचं.

पोरगा का पोरगी, ते मला माहीत नव्हतं.

२० डिसेंबर, शनिवार

जिंतूर. मी गेले. कुणीतरी तिला सांगायला पाहिजे होतं, अशू येणार नाही, तूही इथं थांबू नको. चेहरा माहीत नव्हता. बाळ असेल, तेवढ्यावर ओळखेन म्हणलं.

पावणेअकराला रसवंतीच्या मागच्या बाकावर एक माणूस बसलेला. पांढरा नेहरूशर्ट, टोपी मांडीवर. शेंगा सोलून खात होता. टरफलं खाली टाकत नव्हता, टोपीत जमा करत होता. शाळा समितीच्या फोटोत बघितलेला चेहरा.

"म्याडम," बापूराव काका म्हणाले. "शनिवारी तुमी इकडं कुठं?"

पुस्तकं घ्यायला आले, म्हणलं.

"बसा की. शेंगा घ्या."

बसले. उठून गेले असते तर त्यांना जास्त कळलं असतं. पाऊस, कापूस, परभणीत माझे वडील काय करतात, लग्न का नाही केलं अजून. सगळं आदरानं. अकरा वाजले. समोर, चौकशीच्या खिडकीपाशी, एक बाई. कडेवर बाळ, टोपडं घातलेलं. तिनं बाकाकडं बघितलं. माझ्याकडं नाही, शेजारी. मग अशी सावकाश वळली, जसं काही विसरलं म्हणून माणूस वळतं, आणि निघायच्या बेतात असलेल्या पहिल्याच बशीत चढली.

काका त्या वेळी खाली बघून शेंग सोलत होते.

तसं मला वाटतंय. टोपीतल्या टरफलांचा आवाज थांबला होता का, ते आठवायलेय तेव्हापासून.

निघताना म्हणाले, "इथं कुणीतरी असंल म्हणून आलतो. तुमी भेटलात."

म्हणजे त्यांना नुसता अंदाज होता. मी जाऊन बसले आणि पक्का केला.

२३ डिसेंबर, मंगळवार

काका शाळेत. मु.अ. नी चहा मागवला. अश्विनीचा दाखला पाहिजे. मामाकडं गंगाखेडला पाठवलीय, तिकडंच शिकंल. मु.अ. म्हणाले, वर्ष मोडतंय पोरीचं. काका म्हणाले, "सोयरीक बी बघायलोत. चांगलं ठिकाण हाय." सतरा पूर्ण नाहीत तिला. मी म्हणलं तसं. मु.अ. नी कागद सरळ करायला घेतले. काकांनी मान हलवली, जसं लहान पोरानं बरोबर उत्तर दिलं.

मग कापड बघायचं म्हणाले. वर्गात आले, चपला घालून. धाग्यांवर नजर फिरवली. खिशातून फोन काढला. पानाचा फोटो काढून ठेवलेला होता. मोठा करून माझ्यापुढं धरला. पिवळा. खाली माझी ओळ.

"तुमी लिहिलंय ना? चांगलं लिहिता." मग टेबलावरच्या हिरव्या रस्त्यावर बोट ठेवलं. "ह्यो पिवळा हिरवा कधी झाला?"

मी म्हणलं, पोरं बदलत असतात.

"पोरं न्हाई," ते म्हणाले. "ह्या टाक्याच्या वाकळीत मी रोज निजतो, म्याडम. वैनीचा हात हाय."

नमस्कार करून गेले.

पोलिसांत का जात नाही, म्हणशील. गेले होते, आजच दुपारी, बोरीला. ऐकून घेतलं त्यांनी. तक्रार कुणाविरुद्ध? काय केलं त्यांनी? मी म्हणलं, शेंगा दिल्या. तेव्हा खरंच हसू आलं त्यांना आणि मलाही. सोयरिकीचं सांगितलं, तर म्हणाले, लग्न ठरू द्या, मग बघू, नुसतं ठिकाण बघून लगीन होत नसतंय.

अश्विनीच्या आईला वेचणीला जाऊ देत नाहीत. घरमालकीणबाईनं सांगितलं. तिच्या पुढ्यात तांदूळ निवडत बसले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी अनोळखी नंबर. मागं एस.टी. स्टँडचा गलका, बाळाचा आवाज.

"अशू कुठं हाय?"

माझा नंबर अशूनं देऊन ठेवला असणार. आणि मी काय करावं? खरं सांगितलं. सवयच लागलीय. गंगाखेडला पाठवली, सोयरीक बघायलेत, दाखला काढला.

मग एकदम शांतपणे म्हणाली, "माझ्यामुळं तिचं असं करायलेत. उद्या येते मी गावात. अकराच्या बशीनं. मला काय करायचं ते करा, तिला सोडा म्हणते."

नको, नको म्हणेपर्यंत फोन बंद. परत लावला. एका माणसानं उचलला, कँटीनवाला. बाई फोन मागून करून गेली म्हणाला. कुठं राहते, माहीत नाही.

हेच पाहिजे होतं त्यांना. पुण्याला जीप करून जायची गरजच नव्हती. धाकटी उचलली की थोरली स्वतःच्या पायानं येते. आणि शेवटचा निरोप मी पोचवला.

दुपारी मालकीणबाईच्या अंगणात वाकळीचं कापड मागायच्या निमित्तानं अश्विनीची आई आली. दोन मिनिटं. बरोबर घरातली एक म्हातारी, दारातच उभी. मी हळू सांगितलं, उद्या अकराला येणार आहे. तिचा चेहरा हलला नाही. कमरेची काडी काढून माझ्या मुठीत दाबली, वर बोलताना जुन्या चादरीबद्दल बोलत राहिली. काडीवर पिवळा धागा. चादरीच्या मधेच, तोंड न हलवता, एवढंच:

"हे दाखवा, मग ती तुमचं ऐकंल. येऊ नको म्हणावं. आईनं सांगितलं म्हणावं, येऊ नको. जिंतूर बी सोड."

दोन वर्षांनी लेकीला आईचा पहिला निरोप. येऊ नको.

२७ डिसेंबर, शनिवार

फाटा. नऊ वाजायला आलेत. थंडी आहे, अक्षर वाकडं पडायलंय.

हिशोब सोपा होता. नऊची धरून जिंतूर, साडेनऊपासून स्टँडवर उभं राहायचं, ती बशीत चढायच्या आधी गाठायची. धागा दाखवायचा.

चहाच्या टपरीवर काका बसलेत. नेहरूशर्ट, टोपी आज डोक्यावर. बरोबर आणखी तिघं, मला न ओळखीचे. जीप लिंबाखाली, तोंड रस्त्याकडं करून.

मला बघून काकांनी बाकावर सरकून जागा केली. मी नको म्हणलं. मी वही काढली तर म्हणाले, "लिहा, लिहा." मग, "जिंतूरला ना? आमाला बी जायचंय. संगटच जाऊ."

त्यांना वेळ माहीत नाही. अकरा माहीत नाही. बाकीचं सगळं माहीत आहे. मी जिंतूरच्या बशीत चढले तर मीच तो धागा. ती जिथं असेल तिथपर्यंत त्यांना नेऊन सोडणार, काठापर्यंत, आणि पुढंही. नाही चढले तर ती अकराला बसून इथं येणार, ह्याच लिंबाखाली उतरणार, बाळासकट.

एक आहे. परभणीची बस आधी येते. मी तिच्यात बसायचं, सामान घेऊन, घरी चालले असं. बोरीला उतरायचं. ओढणी तोंडाला बांधून काळी-पिवळी टॅक्सी धरायची आणि ह्याच फाट्यावरून, त्यांच्या समोरून, जिंतूरला जायचं. वेळ पुरेल. पुरायला पाहिजे. ते जागचे हलले नाहीत तर. जीप माझ्या मागं बोरीला आली नाही तर. तिचं आज लवकर निघायचं ठरलं नाही तर.

तू म्हणशील, मूर्खपणा आहे. म्हणशील, कापड तिथंच जाळून टाकायचं होतं, ओळ लिहायचीच नव्हती, खरं काढा असं फळ्यावर लिहिणारी तू कोण? ऐकलं. आधीच ऐकलंय ते सगळं.

परभणीची दिसायलीय, वळणावर, लाल. काका उठलेत. टोपी सारखी करायलेत. जीपकडं बघायलेत का बशीकडं, इथून कळत नाही.

धागा ह्याच पानात ठेवलाय, काडीसकट. तू हे वाचायलास आणि पानात धागा नाही, तर समज, पोचला. असला तर

नको. काही बोलू नकोस. बस थांबली. मी चढले.